पडण्याच्या रकान्यात मी काय लिहिलं

मागच्या महिन्यात वडनेर भोलजीला पुतण्याच्या घरी त्याच्या मुलीच्या बाळाचं बारसं होतं. जेवणं आटोपल्यावर बायका सावलीला बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणू लागल्या, की तुमचं नशीब चांगलं, काकाजी किती करून राह्यले तुमचं, वेळेवर गोळी, वेळेवर पाणी. त्यातल्या एकीने बाळाच्या आईकडे बोट करून विचारलं, की हिच्याच लग्नाच्या दिवशी तुम्ही घरात घसरून पडल्या होत्या ना. बायको “हाव” म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ती घसरली नव्हती. हे तिला, मला, आमच्या मुलीला, एका सिस्टरला आणि डॉक्टरांना, एवढ्या पाच जणांनाच माहीत आहे. बाकी सगळ्या नात्यागोत्यात मी सांगितलेली गोष्टच अजून चालू आहे. त्या गोष्टीपायी बायकोचं चालणं आणि तिचं घर, दोन्ही सुटायची वेळ आली होती. म्हणून हे लिहायला बसलो.

मी एकतीस वर्षं मलकापूरच्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये टाइमकीपर होतो. फाटकाजवळच्या खोलीत बसायचं, भोंगा द्यायचा, हजेरीचं मस्टर ठेवायचं. भोंग्यानंतर पाच मिनिटांनी फाटक बंद, आणि उशिरा आलेल्याच्या नावापुढे लाल शाई. मस्टरमध्ये चूक झाली तर ती खोडून काढायची नाही, असा नियम होता. चुकलेल्यावरून एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं आणि शेजारी सही करायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कने मला हे शिकवलं होतं. निवृत्त झालो तरी घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, आणि मी त्याच्याही पुढे.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी घराला नव्या टाइल्स लावून घेतल्या. पांढऱ्या, चकचकीत. गवंड्याला सांगून सगळ्या दारांचे उंबरठे काढून टाकले. आता वय झालं, ठेच लागायला नको, असा माझा विचार. बायकोला तो पटला नव्हता. उंबरठ्याशिवाय घर उघडं वाटते, असं ती म्हणाली. रोज सकाळी ती उंबरठ्याला हळदकुंकू लावायची. तो गेल्यावर त्याच जागी टाइलवर बोटं टेकवू लागली. हळद टाइलच्या फटीत बसते म्हणून मी कुरकुर केली, तेव्हा तिने तेही सोडलं.

पुढच्याच वर्षी तिचा उजवा हात थरथरू लागला. ती तो पदराखाली धरून बसायची. चेहराही थिजल्यासारखा झाला. हसण्याची गोष्ट सांगितली तरी नुसती बघत राहायची. मला वाटलं, उंबरठ्याचा राग धरून आहे. मीही बोलणं कमी केलं. असे सात-आठ महिने एका घरात दोघं जण आम्ही मुकाट राहिलो. शेवटी तिच्या हातून भाजीचं पातेलं पडलं तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर अकोल्याहून पंधरा दिवसांतून एकदा मलकापूरला येत. त्यांनी तिला दोन बोटं एकमेकांवर आपटायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, आणि पार्किन्सन आहे म्हणाले. गोळी लिहून दिली. बाकीचं सिस्टर समजावून सांगतील, असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. मला वाटलं, बाकीचं म्हणजे गोळी कधी घ्यायची ते. सिस्टरने सव्वा तास घेतला.

सिस्टर सुलतानपूरकडची, चाळिशीतली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये तीन खुर्च्या होत्या. तिने बायकोला विचारलं, सकाळी उठताना काय त्रास होतो. उत्तर मी दिलं. मग साडी नेसताना काय होतं, ते विचारलं. तेही मी सांगू लागलो.

“काकाजी, साडी तुम्ही नेसता का काकू नेसतात?” सिस्टर म्हणाली.

त्यानंतरची उत्तरं बायकोने दिली. सिस्टरने समजावलं, की मेंदूत एक रसायन तयार होतं, ते कमी पडू लागलं की हातापायांना हुकूम उशिरा पोचतो. हा आजार कुणाच्या पापाने होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बरा होत नाही, पण सांभाळला तर माणूस पुष्कळ वर्षं आपलं आपण करू शकतो. जे काकूंना जमतं ते काकूंनीच करायचं, वेळ लागला तरी. खुर्चीवरून उठताना पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, मग उठायचं. वळताना गर्रकन वळायचं नाही, बैल वळतो तसं गोल वळायचं. आवाज बारीक होत जातो म्हणून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. मग म्हणाली, की चेहऱ्याचे स्नायूसुद्धा आखडतात. काकू रुसल्या आहेत असं वाटेल, पण तसं असेलच असं नाही. वाटलं तर विचारायचं.

मी बायकोकडे पाहिलं. सात-आठ महिने मी काय केलं ते माझं मलाच समजलं.

“कधी कधी असते बी रुसलेली,” बायको म्हणाली. सिस्टर हसली. बायकोचा चेहरा हलला नाही, पण ती गंमत करत होती हे त्या दिवशी मला कळलं.

सगळ्यात शेवटी सिस्टरने पायाचं सांगितलं. चालता चालता, खासकरून दारात किंवा अरुंद जागेत, पाय जमिनीला चिकटल्यासारखा होईल. तो मुद्दाम केलेला नसतो. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, मागून ढकलायचं नाही, घाई करायची नाही. थांबायचं, डावीउजवीकडे डोलायचं, मग मोठं पाऊल टाकायचं. हे तिने मला तीन वेळा सांगितलं आणि एकदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी ते पाठ म्हणून दाखवलं.

तिने एक वही ठेवायला सांगितली. रकाने तिचेच: गोळीची वेळ, जेवणाची वेळ, अंग मोकळं कधी, जाम कधी, शौच, पडणे. मला हे काम फार आवडलं. पट्टीने रेघा मारून मी दोनशे पानी वही आखली. जिनिंग सुटल्यापासून हातात मस्टर नव्हतं.

पहिल्या पंधरवड्यात गोळीचा म्हणावा तसा फरक पडला नाही. सिस्टरने वही पाहिली आणि गोळी कशाबरोबर देता विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, की गोळी गरम पडते म्हणून ठीक आठला मोठा पेला भरून दुधाबरोबर. तिने कपाळावर हात मारला नाही एवढंच. दुधातली, डाळीतली प्रथिनं या गोळीची वाट अडवतात, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास, साध्या पाण्याबरोबर द्यायची. बायकोने विचारलं, मग चतुर्थीला काय. सिस्टर म्हणाली, गोळीने उपास मोडत नाही आणि उपासाला गोळी चुकवायची नाही. आठवड्याभरात बायको आपला अंबाडा आपण बांधू लागली. मी वहीत ‘अंबाडा’ असं लिहिलं, रकाना नव्हता तरी.

मग पुतण्याच्या मुलीचं लग्न आलं.

बायकोला जायचं नव्हतं. चारचौघांत हात थरथरतो, ताटातलं सांडतं, लोक बघतात. मी म्हटलं, न गेलो तर लोक जास्त बोलतील. यावरून सकाळपासून धुसफूस चालली होती. अकराला रिक्षा दारात आली. रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. मी फाटकापर्यंत दोनदा जाऊन आलो. बायको नवी साडी नेसून पुढच्या दाराशी आली आणि तिथेच उभी राहिली. पाय जमिनीवर, अंग थोडं पुढे झुकलेलं, नजर खाली. मी म्हटलं, चल. ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. हॉर्न वाजला.

“थांबा, पाय उचलूनच नाही राह्यला,” ती म्हणाली.

मला ते ऐकू आलं होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण नंतर मी माझ्याशीसुद्धा ऐकू आलं नाही असं म्हणत होतो. मला ऐकू आलं, सिस्टरचं पाठ केलेलंही आठवत होतं, आणि तरी माझ्या मनात आलं की ही नाटक करते आहे, हिला यायचंच नाही. आयुष्यभर उशिरा येणाऱ्यांची कारणं ऐकलेला माणूस मी. “सगळ्यांसमोर मला खाली पाहायला लावतेस,” असं म्हणून मी तिचा डावा हात धरला आणि जोरात ओढला. अंग आलं, पाय आले नाहीत. ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

रिक्षावाला धावत आला. काय झालं, त्याने विचारलं. पाय घसरला, मी म्हणालो. टाइल्सच अशा आहेत, तो म्हणाला. हाड बसवणाऱ्या डॉक्टरांना तेच सांगितलं, पुतण्याला फोनवर तेच, नाशिकला मुलीला तेच. संध्याकाळी वही उघडली. पडणे या रकान्यात लिहिलं: ‘अकरा वाजता. सपाट फरशीवर एकटी चालताना पाय घसरला. जवळ कोणी नव्हते.’ अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं होतं. बायको पलीकडे प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय आहे, ते मला कळेना. विचारायचं शिकवलं होतं, पण मी विचारलं नाही.

पुढच्या भेटीत सिस्टरने ती नोंद दोनदा वाचली. जवळ खरंच कुणी नव्हतं का, विचारलं. मी फाटकाशी होतो, असं सांगितलं. ती विचारात पडली. गोळी लागू झालेली, अंग मोकळं असायची वेळ, सपाट फरशी, आणि तरी एकट्याने चालताना पडल्या, म्हणजे काही वेगळं असू शकतं. तिने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी रक्तदाब झोपवून आणि उभं करून मोजला, काही तपासण्या लिहून दिल्या आणि सांगितलं, की कारण सापडेपर्यंत यांना एकटं चालू द्यायचं नाही. पलंगाजवळच खुर्ची, तिथेच शौचाची सोय, उठताना धरायला माणूस. ती माणसं शहाणीच होती. त्यांच्या हातात मी खोटा कागद दिला होता.

मुलगी नाशिकहून आली. तिने हिशेब सरळ केला: बाबांचं वय चौऱ्याहत्तर, त्यांना आईला उचलता येणार नाही, म्हणून आई माझ्याकडे येईल. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, दिवसभर बाई ठेवायची. मी ठीक आहे म्हटलं. बायको पंधरा-वीस दिवस पलंग आणि खुर्ची यांच्यामध्येच होती. बसून बसून तिचे पाय आणखी आखडले. अंगणातल्या मोगऱ्याला ती रोज स्वतः पाणी घालायची. आता खिडकीतून मला सांगायची, बुडाशी घाला, पानावर नका घालू. एवढंच बोलायची.

निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर घरी आली. पेशंटला पलंगावरून खुर्चीवर कसं घ्यायचं, ते तिला मुलीला शिकवायचं होतं. बॅग भरून कोपऱ्यात ठेवलेली होती. तिने मुलीला कंबरेला आधार कसा द्यायचा, काखेत हात घालून का उचलायचं नाही, हे दाखवलं. बायको उठून उभी राहिली, चांगली उभी राहिली. सिस्टर तिच्या पायांकडे बघत होती. बघता बघता तिने विचारलं, “काकू, त्या दिवशी पाय सरकला होता, का अडला होता?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “वहीत लिहेल हाय ना.”

सिस्टरही माझ्याकडे वळली. मुलीला काहीच कळलं नव्हतं. ती उशी नीट करत होती. मी उठलो, टेबलावरून वही आणली आणि खणातला लाल पेन शोधला. शोधायला बराच वेळ गेला. ते पान काढलं. माझ्या नोंदीवरून एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं: ‘दारात पाय अडला होता. थांबा म्हणाली. मी हात ओढला. म्हणून पडली.’ शेजारी सही केली आणि वही सिस्टरच्या हातात दिली. मुलीने तिच्या खांद्यावरून वाचलं. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. निघेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते बरोबरच होतं.

सिस्टर रागावेल असं मला वाटलं होतं. तिने वही मिटली.

“ओढायचं नाही, हे मी किती वेळा सांगितलं होतं?”

“तीन वेळा.”

“आता चौथ्यांदा सांगते,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्याच आवाजात.

मग तिने बायकोला एका बाजूने आधार दिला आणि खोलीच्या दारापर्यंत चालवत आणलं. दाराशी पाय अडले. सिस्टरने मला बोलावलं, तिच्या पिशवीतलं बँडेज काढायला लावलं आणि ते उलगडून दाराच्या मधोमध फरशीवर आडवं टाकायला सांगितलं. पांढऱ्या टाइलवर ते धड दिसेना, म्हणून मी बायकोच्या लाल ब्लाउजच्या कापडाची पट्टी आणून अंथरली. सिस्टर म्हणाली, “काकू, हिच्यावर पाय द्यायचा नाही. ओलांडायची.”

बायको डावीकडे डोलली, उजवीकडे डोलली. उजवा पाय उचलला गेला, चांगला उंच. मग डावा. ती दाराबाहेर होती. तिने मागे वळून पट्टीकडे पाहिलं, बैल वळतो तशी गोल वळून.

“इथंच होता ना उंबरठा,” ती म्हणाली. “तवा पाय आपला आपण उचले.”

सिस्टरने तिला पुन्हा चालवलं, सगळ्या दारांतून, पट्टी पुढे पुढे सरकवत. मग तिने समजावलं, की पुष्कळ जणांना असं होतं; समोर ओलांडायला रेघ दिसली की अडलेला पाय सुटतो. उंबरठा पुन्हा बसवू का, मी विचारलं. ती नको म्हणाली. उंच उंबरठ्याला कधी खरंच ठेच लागेल. रेघ पुरे, सपाट आणि ठळक. तिने डॉक्टरांना फोन करून नवी नोंद वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी मुलगी आपली बॅग घेऊन एकटीच गेली, पण एक महिना बघू, असं बजावून.

रंगवायला मीच बसलो, बसलो म्हणजे पोटावर आडवा झालो. दोन्ही बाजूंना पिवळी बारीक रेघ आणि मध्ये कुंकवाच्या रंगाचा चार बोटं रुंद पट्टा, असं बायकोने सांगितलं होतं. ऑइल पेंट, पाच दारं. ती खुर्चीवर बसून मुकादमासारखी लक्ष ठेवून होती. वाकडी होऊन राह्यली, म्हणायची. दोन दारांत खरंच वाकडी झाली आहे.

त्या दिवसांत एका दुपारी मी तिला विचारलं, की तू कुणालाच काऊन सांगितलं नाही.

“तुमी लिहून मोकळे झाले. मंग मी पोरीसमोर तुमाले खोटं पाडू का?” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “जनमभर लोकाइच्या नावापुढं लाल शाई केली. एकदा आपल्या नावापुढं केली, काही बिघडलं नाही.”

मला मात्र तिने माफ केलं असं त्यातून ऐकू आलं नाही. तिने ते म्हटलं नव्हतं, आणि मीही मागितलं नाही. चाललं आहे ते चांगलं चाललं आहे. प्लास्टर निघालं. महिना झाला, मुलगी येऊन पाहून गेली आणि आईला न नेता परत गेली. मोगऱ्याला पाणी बायको घालते. आजार आहे तिथे आहे, गोळी एकदा वाढवावी लागली. पडणे या रकान्यात त्यानंतर दोन नोंदी आहेत, दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही वेळा तिला लागलं नाही.

बारशाच्या दिवशीही रिक्षा आली, हॉर्न वाजला, आणि ती पुढच्या दाराशी अडली. मी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकमेकांत धरले. ही सवय मी लावून घेतली आहे. ती डोलली, रेघेकडे पाहिलं, ओलांडून बाहेर आली. वडनेरला पोचेपर्यंत पाळण्याची गाणी संपली होती. परत येताना रिक्षात ती म्हणाली, की बायकांसमोर मला खोटं बोलावं लागतं, तुम्ही ते लिहून टाका एकदाचं.

हे लिहून झाल्यावर काल संध्याकाळी मी पानं तिच्या हातात दिली. ती ओट्यावर बसून रोज दहा मिनिटं पेपर मोठ्याने वाचते. काल तिने पेपर बाजूला ठेवला आणि ही पानं वाचली, पहिल्यापासून, सिस्टरने सांगितलं त्या आवाजात. भिंतीपलीकडे शेजारीण भांडी घासत होती. मध्येच भांड्यांचा आवाज थांबला. ‘मी हात ओढला’ या वाक्यापाशी आल्यावर बायकोने ते वाचलं, थोडी थांबली आणि पुन्हा वाचलं.

दोनदा कशाला, मी विचारलं.

“पहिल्या बारीला आवाज बारीक पडला,” ती म्हणाली, आणि पुढे वाचू लागली.